बहुतेक फसणार!

माझ्याकडे एक एक्सेल शीट आहे. तिचं नाव 'बहुतेक फसणार'. नाही, ऑफिसच्या प्रोजेक्ट्सची नाही (तशी शीट करायची गरजच पडत नाही, तिथे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं). ही शीट येऊ घातलेल्या सिनेमांची आहे. मोठ्या सिनेमाची घोषणा झाली की मी त्यात एक ओळ टाकतो. सिनेमाचं नाव, काय जाहीर केलं, काय जाहीर केलं नाही, आणि शेवटच्या रकान्यात आपला अंदाज.

मित्रमंडळी म्हणतात, तू भारी निगेटिव्ह आहेस बुवा. सिनेमा बघायच्या आधीच कसं काय ठरवतोस? प्रश्न रास्त आहे. पण नीट बघा, सिनेमा वाईट असेल असं मी म्हणतच नाही. निराशा होईल असं म्हणतो. दोन्हींत फरक आहे. रविवारी दुपारी जेवून सोफ्यावर लोळत असताना टीव्हीवर एखादा टुकार सिनेमा लागला, तर आपण अर्धा तास हसतो आणि झोपी जातो. निराशा वगैरे काही होत नाही. निराश व्हायला आधी आशा लागते, आणि हल्ली ती आशा सिनेमाच्या कितीतरी आधी, वेगळ्या पॅकिंगमध्ये आपल्याला विकली जाते. सिनेमा कसा निघेल हे कुणालाच सांगता येत नाही. पण विकलेली आशा पुरी होण्यासारखी आहे का, हे घोषणेवरून बऱ्यापैकी कळतं. माझी शीट तेवढंच करते.

सध्या तिच्यात लाल रंगात चार नावं आहेत. 'हेरा फेरी ३', 'झपाटलेला ३', 'क्रिश ४' आणि नितेश तिवारींचं दोन भागांतलं 'रामायण'. चारही माझ्या जिव्हाळ्याची आहेत, म्हणून तर लाल आहेत. ज्याच्याशी देणंघेणं नाही त्या सिनेमाला कशाला रंग लावू?

आता एकेक खूण सांगतो.

खूण पहिली: सगळं कळतं, गोष्ट सोडून

'हेरा फेरी ३' घ्या. २०२५ मध्ये या सिनेमाबद्दल आपल्याला काय काय कळलं? दिग्दर्शन पुन्हा प्रियदर्शन करणार. मे महिन्यात परेश रावल बाहेर पडले. अक्षय कुमारच्या कंपनीने त्यांना पंचवीस कोटींची नोटीस पाठवली. जूनमध्ये परेश रावल परत आले. एवढ्यात एक अख्खा सिनेमा होऊन गेला! पण राजू, श्याम आणि बाबूराव या वेळी नेमक्या कुठल्या लफड्यात अडकणार, आणि का, याबद्दल चकार शब्द नाही. आणि गंमत म्हणजे तो प्रश्न कुणी विचारलाही नाही. आपल्या सगळ्यांना एवढंच हवं होतं, की तिघं एका फ्रेममध्ये दिसू देत.

२००० सालचा 'हेरा फेरी' आपण आज मीम्समधून आठवतो, त्यामुळे एक गोष्ट विसरायला होते. तो पैशाची चणचण असलेल्या माणसांचा सिनेमा होता. थकलेलं भाडं, न मिळणारी नोकरी, गहाण पडलेली इज्जत. त्यात चुकीच्या नंबरवर एक फोन येतो आणि तीन सामान्य माणसं मोहात पडतात. आपण हसतो ते त्यांच्या तगमगीवर. २००६ च्या 'फिर हेरा फेरी'मध्ये तगमग कमी झाली आणि आरडाओरडा वाढला. पंचवीस वर्षांनंतर त्या पात्रांकडे तगमग उरली आहे, की फक्त लकबी उरल्या आहेत? घोषणेत उत्तर नाही, म्हणून लाल.

उलट उदाहरणही त्याच वर्षातलं. 'लगे रहो मुन्नाभाई' २००६ चाच. तो दुसरा भाग अनेकांना पहिल्यापेक्षा जास्त आवडतो, कारण तिथे एक नवा प्रश्न होता. गुंडाला गांधी भेटले तर काय होईल? हा प्रश्न एका वाक्यात सांगता येतो आणि ऐकल्याबरोबर पुढे काय ते बघावंसं वाटतं. पुढे 'मुन्नाभाई चले अमेरिका'ची घोषणा झाली, टीझरसुद्धा आला. सिनेमा मात्र झालाच नाही. लोक हळहळतात. मला विचाराल तर न झालेला सिनेमा हा कधीकधी चाहत्यांवरचा उपकार असतो.

खूण दुसरी: जे कुणी विसरलेलंच नाही, ते पुन्हा करणं

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) पाठ नसलेला मराठी माणूस शोधून दाखवा. पण तो ज्यावरून घेतला तो हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' (१९६६) किती जणांनी पाहिलाय? 'हेरा फेरी'सुद्धा १९८९ च्या 'रामजी राव स्पीकिंग' या मल्याळम सिनेमावरून आला, आणि तो हिंदी प्रेक्षकाला ठाऊक नव्हता. म्हणजे रिमेक हा प्रकार मुळातच वाईट, असं काही नाही. ज्या गोष्टीला आपल्या गावात अजून घर मिळालेलं नाही, तिला घर देणं हे चांगलंच काम आहे.

गडबड होते ती दुसऱ्या बाजूला. जी गोष्ट आधीच लोकांच्या घरात ठाण मांडून बसली आहे, तिची डुप्लिकेट दारात आणून उभी करायची. 'शोले' परत करायला घेतलेला 'राम गोपाल वर्मा की आग' (२००७) हा त्यातला मेरुमणी. अमिताभ बच्चन खलनायकाच्या भूमिकेत, म्हणजे बघा किती जोरकस आशा! आणि निकाल सर्वांना ठाऊक आहे. 'सैराट' (२०१६) वरून 'धडक' (२०१८) झाला तेव्हाही तेच. कथा करमाळ्याच्या मातीतून उदयपूरच्या महालांत गेली आणि जात जवळजवळ वाटेतच उतरून गेली. गाणी आली, झिंगाट आलं, पण ज्या गोष्टीमुळे शेवटी थिएटरमध्ये सन्नाटा पसरला होता ती आलीच नाही.

मजा अशी, की २०२५ चा 'धडक २' नावाने दुसरा भाग असला तरी प्रत्यक्षात तो 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) या तमिळ सिनेमावरून केलेला होता, आणि पहिल्याने टाळलेला जातीचा विषय त्याने समोरून घेतला. म्हणजे नाव जुनं, पण सांगायचं काहीतरी आहे. अशा वेळी मी रंग बदलतो. शीट निर्दय असली तरी अन्यायी नाही.

'झपाटलेला ३' लाल का, तेही इथेच येतं. महेश कोठारेंनी तिसऱ्या भागाची घोषणा केली तेव्हा माझ्या पिढीतल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला असणार, माझ्याही आला. पण १९९३ च्या 'झपाटलेला'त आपण नक्की कशाला घाबरलो होतो? रामदास पाध्यांचा तात्या विंचू जबरदस्तच होता. तरी तो बाहुला खरा वाटला तो समोर लक्ष्या होता म्हणून. लक्ष्मीकांत बेर्डेंच्या चेहऱ्यावर भीती आणि भाबडेपणा एकाच वेळी दिसायचा, आणि आपण हसावं की उशीत तोंड लपवावं ते कळायचं नाही. लक्ष्या २००४ मध्ये गेला. २०१३ ला 'झपाटलेला २' आला तेव्हा बाहुला होता, थ्रीडी होतं, घाबरणारा लक्ष्या नव्हता. तिसऱ्या भागात तंत्रज्ञान आणखी पुढचं असेल याबद्दल मला शंका नाही. बाहुल्याला घाबरणारा माणूस कोण, एवढंच मला जाणून घ्यायचंय.

('क्रिश ४' चं थोडक्यात सांगतो. 'क्रिश ३' आला २०१३ मध्ये. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं की चौथा भाग स्वतः हृतिक रोशन दिग्दर्शित करणार, पहिल्यांदाच. मधल्या काळात आपण सुपरहिरो इतके पाहिलेत की आता पोट भरलंय. 'कोई मिल गया'मधला बिचारा, मागे पडलेला मुलगा हे त्या मालिकेचं खरं भांडवल होतं, मुखवटा नव्हे. हृतिकला ते आठवत असेल तर ठीक. चारांतली ही एकच ओळ अशी आहे की जिचा लाल जरा फिकट आहे.)

खूण तिसरी: तारीख आधी, बाकी मग

ही खूण ओळखायला आयटीवाल्यांना काहीच कष्ट पडणार नाहीत. सेल्सच्या माणसाने क्लायंटला तारीख देऊन टाकलेली असते आणि सोमवारी सकाळी आपल्याला कळतं की काय बनवायचं ते अजून ठरायचंय. सिनेमात दिवाळी, ईद, नाताळ, पंधरा ऑगस्ट या तारखा अशाच अडवून ठेवतात.

'आदिपुरुष'चं उदाहरण आमच्या इंडक्शन ट्रेनिंगमध्ये शिकवायला हवं. दिग्दर्शक ओम राऊत. 'लोकमान्य' (२०१५) आणि 'तान्हाजी' (२०२०) करणारा आपला माणूस, त्यामुळे मराठी प्रेक्षकाची आशा अंमळ जास्तच. ऑक्टोबर २०२२ मध्ये अयोध्येत टीझर दाखवला आणि त्यातल्या व्हिज्युअल इफेक्ट्सची देशभर टर उडवली गेली. मग जानेवारी २०२३ ची तारीख पुढे ढकलून १६ जून केली, डागडुजी झाली. प्रत्येक थिएटरमध्ये एक खुर्ची हनुमानासाठी रिकामी ठेवायचं जाहीर झालं. आणि सिनेमा आल्यावर लोक सगळ्यात जास्त कशावर भडकले? संवादांवर! मग प्रदर्शनानंतर आठवड्याभरात संवाद बदलले.

याला आमच्याकडे 'प्रॉडक्शनमध्ये पॅच मारणं' म्हणतात. युजरने दाखवलेला बग सहा महिने खपून दुरुस्त केला, आणि खरा बग रिक्वायरमेंटमध्येच होता. रामायणातली माणसं कशी बोलतील हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा होता.

पण असं का होतं?

सगळे निर्माते मूर्ख आहेत असं समजणं सोपं आहे, पण ते तसे नाहीत. हिशोबच तसा आहे. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात भांडण झालं होतं आणि दोनेक महिने मोठे हिंदी सिनेमे लागलेच नव्हते, आठवतंय? ते भांडण मिटलं तेव्हा गल्ल्याच्या वाटणीचं सूत्र ठरलं. निर्माता-वितरकाच्या बाजूला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. म्हणजे तोच प्रेक्षक, तेच तिकीट, पण तुम्ही पहिल्या आठवड्यात गेलात तर निर्मात्याला जास्त, चौथ्या आठवड्यात गेलात तर कमी. मग तो कशासाठी जिवाचं रान करेल? लोकांनी एकमेकांना 'छान आहे, बघा' असं सांगेपर्यंत तो कशाला थांबेल? त्याला तुम्ही शुक्रवार ते रविवारमध्येच हवे असता, म्हणजे कुणी कुणाला काही सांगायच्या आत.

'ठग्स ऑफ हिंदोस्तान' (२०१८) बघा. अमिताभ आणि आमिर पहिल्यांदा एकत्र, वर दिवाळी. पहिल्या दिवशी पन्नास कोटींच्या वर गल्ला, तेव्हा हिंदी सिनेमासाठी विक्रमच. आणि भारतातला एकूण गल्ला? दीडशे कोटींच्या आसपास. एक तृतीयांश कमाई एका दिवसात! दुसऱ्या दिवशी लोकांना जे कळलं ते पहिल्या दिवशी कळलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हीच ठरवा. आमिरने नंतर जबाबदारी स्वतःवर घेतली, हा त्याचा मोठेपणा. पण तिकिटाचे पैसे काही परत आले नाहीत.

याच्या शेजारी 'शोले' ठेवून बघा. १५ ऑगस्ट १९७५ ला आला तेव्हा सुरुवातीचा प्रतिसाद थंड होता. मग माणसांनी माणसांना सांगितलं आणि तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. आजच्या पद्धतीत त्याला पाच वर्षं सोडा, पुढचा गुरुवार मिळाला असता का? सोमवारी आकडे बघून शो कमी झाले असते आणि गब्बर ओटीटीवर गेला असता.

मोठी आशा पुरी होतच नाही का?

होते ना. 'बाहुबली २' (२०१७) एवढी वाट क्वचितच कुठल्या सिनेमाची पाहिली गेली असेल, आणि लोक तृप्त होऊन बाहेर पडले. कारण लोक गोष्टीची वाट बघत होते. कटप्पाने असं का केलं, याचं उत्तर हवं होतं, ते मिळालं. 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) करताना तर सुबोध भावेंसमोर अख्ख्या महाराष्ट्राचं नाट्यप्रेम दांडकं घेऊन उभं होतं. नाटक १९६७ चं, गाणी लोकांच्या रक्तात. तरी जमलं, कारण त्यांनी आठवणीवर भागवलं नाही. संगीताला केंद्रात ठेवून पडद्यासाठी नव्याने मांडणी केली.

म्हणजे अपेक्षा मोठी असणं हा दोष नाही. अपेक्षा कशाची आहे ते बघावं. उत्तराची अपेक्षा असेल तर ती पुरी करता येते. आठवणीची अपेक्षा असेल तर ती कुणालाच पुरी करता येत नाही, कारण आपल्याला सिनेमा परत नको असतो, तो पाहतानाचं आपलं वय परत हवं असतं. आणि ते कुठल्याही बजेटमध्ये बसत नाही.

आता 'रामायण'

ही ओळ मी सगळ्यात शेवटी भरली आणि लाल करताना हात अडखळला. जुलै २०२५ मध्ये पहिली झलक आली. पहिला भाग दिवाळी २०२६, दुसरा दिवाळी २०२७ असं जाहीर झालं. रणबीर राम, साई पल्लवी सीता, यश रावण. हान्स झिमर आणि रहमान एकत्र. निर्माते नमित मल्होत्रांनी दोन्ही भागांचा खर्च चार हजार कोटींच्या वर सांगितला. सगळं भव्य. गोष्ट तर सर्वांना पाठ, त्यामुळे पहिली खूण इथे लागू करता येत नाही. मग प्रश्न उरतो, हे सांगणारा माणूस ती का सांगतोय? झलकीत मला खर्च दिसला, माणसं दिसली नाहीत.

आमच्या बाबांना मात्र यातलं काही ऐकायचं नाहीये. १९८७ मध्ये रामानंद सागरांचं 'रामायण' लागायचं तेव्हा आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि सतरंजी घालायचं काम बाबांकडे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ते पुन्हा दाखवलं तेव्हाही त्यांनी एकही भाग चुकवला नाही. गुडघ्यांमुळे गेली काही वर्षं ते थिएटरला आलेले नाहीत. 'वाळवी'ला चला म्हटलं, नाही आले. पण झलक बघून म्हणाले, "याला जाऊ. पहिल्याच दिवशी." मी म्हटलं, "बाबा, जरा थांबू या ना, लोक काय म्हणतात ते बघू." तर म्हणाले, "अरे, रामायण कसं आहे ते लोकांना काय विचारायचंय?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या मालिकेतले बाण आज बघवत नाहीत, पण भरताच्या प्रसंगात वाड्यातली मोठी माणसं डोळे पुसायची ते मला आठवतंय. नितेश तिवारींनी 'दंगल' (२०१६) केलाय. एक बाप आणि मुली खोलीत गप्प बसल्यात, एवढ्यावर थिएटर रडवण्याची ताकद त्या माणसात आहे. ती चार हजार कोटींखाली दबली नाही, तर बाबांचे गुडघे सार्थकी लागतील. दबली, तर बाबा बोलणार काहीच नाहीत. घरी येऊन 'चांगला होता' म्हणतील आणि पुन्हा थिएटरला येणार नाहीत. मला भीती आहे ती याची. गल्ल्याचं काय ते निर्माते बघून घेतील.

तर मग करायचं काय?

बहिष्कार वगैरे मला पटत नाही. आपण सिनेमावेडे आहोत, जाणारच. मी एक साधा नियम केलाय: मोठ्याला बुधवार, छोट्याला शुक्रवार.

ज्या सिनेमाची जाहिरात आपल्याला वर्षभर पुरून उरली, त्याला बुधवारी जायचं. तोवर मित्रांकडून खरं काय ते कळतं, गर्दी नसते, आणि बहुतेक ठिकाणी तिकीटही स्वस्त असतं. सिनेमा चांगला असेल तर तो बुधवारीही तेवढाच चांगला असतो. निर्मात्यालाही त्याचा पहिल्या आठवड्याचा वाटा मिळतोच, म्हणजे पापही नाही.

आणि ज्या सिनेमाने काहीच वचन दिलेलं नाही, त्याला पहिल्याच शुक्रवारी किंवा फार तर शनिवारी जायचं. कारण त्याला बुधवार मिळेलच याची खात्री नसते. मराठी सिनेमाला तर नाहीच नाही. २०१५ मध्ये सरकारने मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यायचा म्हणून घोषणा केली, मग ती वेळ पातळ होत दुपारी बारा ते रात्री नऊवर आली. शो मिळाला तरी तो टिकवायला खुर्चीत माणसं लागतात. परेश मोकाशींचा 'वाळवी' (जानेवारी २०२३) मी असाच काही न वाचता पाहिला. पोस्टरने वचन कसलंच दिलं नव्हतं आणि मी दोन तास खुर्चीच्या टोकावर होतो. लोकांनी लोकांना सांगितलं म्हणून तो टिकला, पण ते सांगायला आधी कुणीतरी पहिल्या दोन दिवसांत जावं लागतं.

आपण नेमकं उलट करतो. चौघांचे दोन हजार मोठ्याच्या शुक्रवारी उडवतो, आणि छोट्याला 'ओटीटीवर आला की बघू' म्हणतो. मग महिन्याभराने आपणच म्हणतो, हल्ली चांगले सिनेमे येत नाहीत राव.

नियमाला अपवाद एकच. बाबांचं तिकीट पहिल्या दिवसाचंच काढणार आहे, कोपऱ्यातली सीट, पाय लांब करता येतील अशी. शीटमध्ये ती ओळ अजूनही लालच आहे.